किती फूट सोडणार?

आमच्या गिरगावच्या मुगभाटातल्या चाळीच्या पुनर्विकासाची चर्चा गणपती उठले की पेटते आणि शिमग्यापर्यंत विझते. विषय एकच: कार्पेट किती देणार? गल्लीचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. गल्ली महापालिकेची, तिचं आपल्याला काय! बिल्डर येईल, आमची चाळ पाडेल, टॉवर उभा करेल. शेजारच्या चाळीला तिचा बिल्डर सापडेल तेव्हा तीही जाईल. दोन टॉवरांच्या मधली गल्ली मात्र आज टेम्पो शिरला की जशी अडते तशीच उद्याही अडेल. मी पेशाने सर्व्हेअर, जमिनी मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे असेल, मला भिंतीआधी हद्द दिसते. आणि हद्दीचा विषय निघाला की मी हटकून कच्छमधल्या भूजवर येतो, भूकंपात पडलेल्या त्या शहराच्या हद्दी नव्याने आखल्या त्यावर. घरच्यांना त्याचा कंटाळा आलाय, म्हणून आता इथे लिहितोय.

भूजशी माझा संबंध वेलजीकाकांमुळे. काका आमच्या वरच्या मजल्यावरचे. कच्छी माणूस, मशीद बंदरला दाणाबाजारात धान्याची दलाली केली जन्मभर. मराठी फर्डं, फक्त लिंगांचा घोळ कायमचा. त्यांच्या आजोबांनी भूज सोडून मुंबई गाठली, पण भूजच्या कोटातलं, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या गावातलं, घर सोडलं नाही. एका फळियातलं घर. म्हणजे बाहेर शेरी, म्हणजे गल्ली, शेरीला लागून डेली, म्हणजे मोठं लाकडी दार, डेलीच्या आत सामाईक चौक आणि चौकाभोवती भाऊबंदांची एकमेकांच्या भिंतींना टेकलेली घरं. दगडाच्या जाड भिंती, दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेले, वर लाकडी तुळया. कोण कुठल्या खोलीचा मालक हे कागदावर फारसं नव्हतं, माणसांच्या डोक्यात होतं. दिवाळीला मुंबईहून कुणीतरी जायचं, कुलूप काढायचं, झाडलोट करायची, पाणियाऱ्यावर, म्हणजे पाण्याचे माठ ठेवायच्या जागेवर, दिवा लावायचा आणि परत यायचं.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी ते घर गेलं. मुंबईतही जमीन हलली त्या वेळी. आम्ही संचलनाची वाट बघत टीव्हीसमोर बसलो होतो आणि बंद पंखा डुलायला लागला. दुपारी काका कोपऱ्यावरच्या पीसीओत उभे होते ते संध्याकाळपर्यंत तिथेच. भूकंपाचं केंद्र भचाऊजवळ, पण भूजचा जुना कोट जवळपास भुईसपाट झाला होता. गुजरातभर १३,००० हून जास्त माणसं गेली. काकांच्या घरात त्या दिवशी कुणी नव्हतं. फळियातल्या इतर घरांत होते.

पुढची गोष्ट वर्तमानपत्रांत फारशी आली नाही, कारण तिच्यात रडणंही नव्हतं आणि शौर्यही नव्हतं. ती कागदांची आणि फुटांची गोष्ट होती.

कोटातलं भूज म्हणजे पाच नाकी आणि छठी बारी. वाणियावाड, पाटवाडी, सरपट, भीड, महादेव अशी पाच मोठी दारं आणि सहावं छोटं. मध्यभागी दरबारगड, तिथे राव लखपतजींच्या काळातला आयना महाल आणि त्याच्या शेजारी एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभियंता कर्नल विल्किन्सने बांधलेला प्राग महाल. पश्चिमेला हमीरसर तलाव. या सगळ्याच्या मध्ये शेऱ्यांचं जाळं, त्यातल्या कितीतरी आंधळ्या, म्हणजे पुढे वाट बंद. भूकंपात दोन्ही बाजूंची घरं याच शेऱ्यांत कोसळली. पळायला वाट नाही आणि आत यायला जेसीबीलाही वाट नाही. हमरस्त्याच्या कडेला असलेल्याला मदत मिळाली, आतल्याला मिळाली नाही. मालकाच्या श्रीमंतीपेक्षा त्या दिवशी त्याच्या शेरीची रुंदी महत्त्वाची ठरली.

ढिगारे उपसून झाल्यावर प्रश्न आला: आता काय? शहर दुसरीकडे हलवावं, असं म्हणणारे होते. आहे तिथेच, आहे तसंच बांधू द्या, असं म्हणणारे जास्त होते. सरकारने आपत्ती व्यवस्थापनाचं प्राधिकरण नेमलं, भूजसाठी वेगळं विकास प्राधिकरण झालं, आणि आराखड्याचं काम अहमदाबादच्या नियोजनकारांच्या एका संस्थेकडे गेलं. त्यांनी मधला रस्ता काढला. कोटाबाहेर चार नव्या वसाहती, म्हणजे आरटीओ, मुंद्रा रोड, रावलवाडी आणि जीआयडीसी. ज्यांना जायचं त्यांनी तिकडे जावं. ज्यांना कोटातच राहायचं त्यांनी राहावं, पण जुन्या हद्दीवर नव्हे. सगळ्या भूखंडांचा हिशेब एकत्र करायचा, प्रत्येकाकडून थोडी थोडी जमीन कापायची, त्या कापलेल्या जमिनीतून रस्ते काढायचे, आंधळ्या शेऱ्या पुढे उघडायच्या, आणि उरलेली जमीन नीट चौकोनी करून शक्यतो मूळ जागेच्या आसपासच मालकाला परत द्यायची. मूळ भूखंड ते अंतिम भूखंड. सर्व्हेअर लोक बोलताना म्हणतात ओपी आणि एफपी. यालाच टाउन प्लॅनिंग, म्हणजे टीपी, स्कीम म्हणतात.

वाचायला सोपं वाटतं. करून बघा.

काका मला म्हणाले, "दिकरा, तू मोजणीवाला हाय ना? चल माझ्यासंगती. त्या लोकांचा नकाशा मला समजत नाय." तेव्हा आम्ही गेलो. कोटात शिरलो तर काय, शहर नव्हतंच. नुसती जोती. ढिगारे उचलून नेल्यावर घरांची जोती तेवढी राहिली होती आणि त्यांच्यावरून कोणतं घर कुठे होतं ते ओळखायचं. मोजणीची पथकं जोतं न् जोतं टोटल स्टेशनवर, म्हणजे मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, उतरवून घेत होती. माझ्या धंद्यातलं इतकं अवघड काम मी तोवर पाहिलं नव्हतं. आपण मोजतो तेव्हा भिंत असते, कुंपण असतं, दगड असतो. इथे शेजारी शेजारी दोन माणसं उभी राहून "माझी भिंत इथपर्यंत" म्हणत होती, आणि तिसरा, जो सांगू शकला असता, तो गेलेला होता.

नगररचना अधिकाऱ्यापुढची सुनावणी एका तात्पुरत्या शेडमध्ये होती. भिंतीवर नकाशा, त्यावर जुन्या हद्दी एका रंगात, नव्या दुसऱ्या. काकांचा मूळ भूखंड ९२ चौरस मीटर, सात कोपऱ्यांचा, एक टोक शेरीच्या बंद बाजूला घुसलेलं. अंतिम भूखंड ८३ मीटरच्या आसपास, आयताकृती, दोन बाजूंना रस्ता. कपातीचं कोष्टक चढतं होतं. अगदी लहान, ३० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला काहीच कपात नाही, त्याच्या वर १० टक्के, आणि जागा जितकी मोठी तितकी टक्केवारी जास्त. काकांच्या आधी एक म्हातारी बाई होत्या, जागा २७ मीटर. त्यांचं काहीच कापलं नव्हतं, तरी त्यांना तीनतीनदा विचारून खात्री करून घ्यायची होती. काकांच्या मागे एक व्यापारी, मोठा वाडा असलेले. ते सगळ्यात जास्त तापलेले. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या पूर्वजांनी मोठी जागा घेतली हा काय गुन्हा?

काकांनी साहेबांना विचारलं, "नऊ मीटर म्हणजे किती? दाखवा." साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. काकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हां, म्हणजे माझा पाणियारा आणि देवघर."

साहेब काही बोलले नाहीत. असल्या वाक्यांना उत्तर नसतं आणि त्यांना दिवसभर तीच ऐकायची होती. मी काकांना बाहेर चहाच्या टपरीवर नेलं आणि रिकाम्या सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढली. जुन्या जागेत पोचायला सहा फुटांची शेरी, ती पुढे बंद. सात कोपऱ्यांच्या जागेत खांबाचं घर बांधायचं म्हटलं तर निम्मी जागा वाकडी म्हणून वाया. नव्या ८३ मीटरमध्ये घर सरळ बसतं, आग लागली तर बंब येतो, आणि कधी विकायची वेळ आली तर भाव जास्त येतो. शेवटचा मुद्दा काकांना चटकन पटला, दलालीतला माणूस. पण सही काही तेव्हा झाली नाही. कारण हक्क चार भावांचे. एक मुंबईत, एक गांधीधामला, एक मस्कतला आणि चौथ्याचा मुलगा कुठे आहे ते मस्कतवाल्यालाच माहीत. फॅक्स आले, गेले, हरवले. असं प्रत्येक फळियात. भूजचं नवं बांधकाम रखडलं म्हणून तेव्हा फार टीका झाली. सिमेंटपेक्षा सह्यांना वेळ लागला, असं माझं मत.

हे सगळं बघताना मला जाणवलं, की ही पद्धत मला ओळखीची आहे. माझी मावशी बांद्र्याला राहायची. पत्त्यात "टीपीएस ३", मग रस्त्याचा नंबर. लहानपणी मला वाटायचं, पोस्टाचं काहीतरी असेल. बांद्रा-खारचे ते नंबरांचे सरळ रस्ते याच पद्धतीने आखलेले आहेत. भातखाचरं, वाड्या, वेडीवाकडी शेतं, सगळ्यांचा हिशेब एकत्र, मग कपात, मग रस्ता, मग चौकोनी प्लॉट. यामागचा कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५ चा, देशातला या प्रकारचा पहिला. त्याच्या मागे ए. ई. मिराम्स नावाचे सरकारी सर्व्हेअर होते, हे वाचून मला उगाचच आपल्या घरचं कुणी पुढे आल्यासारखं वाटलं. राज्यं वेगळी झाल्यावर गुजरातने त्या कायद्याची परंपरा चालवली आणि १९७६ साली स्वतःचा कायदा केला. अहमदाबाद त्यावर वाढलं. आपल्याकडे मुंबईत मात्र टीपी स्कीमचं बोट सुटलं आणि आपण एफएसआयचं, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या प्रमाणाचं, धरलं. म्हणजे जमीन हलवायची नाही, फक्त वर वाढायचं. त्यामुळे मुंबईत जन्मलेली युक्ती सर्वात अवघड परीक्षेला बसली ती भूजमध्ये. मोकळ्या शेतांवर टीपी करणं वेगळं. पडलेल्या शहरावर, माणसं तंबूत असताना, जोत्यांच्या हद्दींवर करणं वेगळं.

ही कल्पना एकट्या मुंबईचीही नव्हे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत जळालेल्या वस्त्यांची अशीच फेररचना झाली आणि तिथे मालकांनी १० टक्के जमीन मोबदल्याशिवाय सोडावी असा कायदाच होता. त्याच्याही आधी लिस्बन. आपल्या वसईतून पोर्तुगीज १७३९ ला गेले आणि १७५५ ला त्यांची राजधानी भूकंपाने पडली. तिथल्या मुख्य अभियंत्याचं, मानुएल दा माया यांचं, वय तेव्हा ७८. त्यांनी पर्याय मांडले: होतं तसं बांधा, रस्ते रुंद करून बांधा, सगळं सपाट करून नव्याने आखा, किंवा दुसरीकडे जा. भूजसमोर अडीचशे वर्षांनी जवळजवळ हीच यादी होती. लिस्बनने खालचं शहर सपाट करून आखलं, आणि कुणाची जुनी जागा कुठे कशी भरून द्यायची याचा कायदा १७५८ साली केला. म्हणजे आखणीला काही महिने आणि हद्दींच्या कायद्याला अडीच वर्षं. मोजणीवाल्याला याचं आश्चर्य वाटत नाही.

कच्छला भूकंप नवा नाही, हे काका नेहमी सांगायचे. "छप्पनमां अंजार गया, तेव्हा मी दुकानात होतो." २१ जुलै १९५६, रात्री नऊचा सुमार, अंजार. ११५ माणसं गेली. हे घडलं तेव्हा कच्छ वेगळं राज्य होतं, पण त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. त्यामुळे अंजारच्या पुनर्वसनाच्या फायली १९६० पर्यंत मुंबईच्या सचिवालयात फिरल्या असणार. जुन्या गावाबाहेर रुंद रस्त्यांचं नवं अंजार आखलं गेलं. चांगलं आखलं. पण जुनं अंजार जिथल्या तिथे राहिलं, त्याच्या शेऱ्यांना कुणी हात लावला नाही, आणि गाव पुन्हा त्यात भरलं. २००१ च्या २६ जानेवारीला प्रजासत्ताक दिनाची शाळकरी मुलांची फेरी त्या जुन्या शेऱ्यांमधून चालली होती. १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. आता तिथे त्यांचं स्मारक आहे, २०२२ मध्ये झालेलं. १९५६ नंतर जुन्या अंजारमध्ये प्रत्येकाने चार-चार फूट सोडले असते तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. पण मी मोजणीवाला आहे, मला दुसरा कुठला प्रश्न सुचत नाही.

त्याच्याही मागे १८१९. १६ जूनची संध्याकाळ. त्या भूकंपाने रणात जमिनीचा इतका लांब उंचवटा वर आणला की लोकांनी त्याला अल्लाह बंध नाव दिलं, म्हणजे देवाने बांधलेला बांध. सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. तिकडे अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार पडले. भूजमध्ये हजारो घरं कोसळली. गादीवर तेव्हा राव देशळजी दुसरे, लहान मूल, आणि कारभारावर कंपनीचा डोळा. कंपनीचा तिथला रेसिडेंट कॅप्टन जेम्स मॅकमर्डो याने या भूकंपावर जे लिहिलं ते छापलं गेलं आपल्या मुंबईत, लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात, १८२३ साली. तीच सोसायटी पुढे एशियाटिक झाली. पुढे चार्ल्स लायेलने भूशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात याच भूकंपाचा आधार घेतला, त्यामुळे भूजच्या आधी सिंदरीचा बुडालेला किल्ला युरोपात प्रसिद्ध झाला. हे शोधायला एशियाटिकच्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरले, पण हे वाचायला मजा आली. मॅकमर्डोच्या लेखनात काय कोसळलं ते आहे. परत कसं उभारलं ते नाही, आणि तो स्वतः भूकंपाच्या पुढच्याच वर्षी वारला. पण उत्तर २००१ च्या नकाशात दिसतं. त्या दिवशी जी शेरी गाडली गेली तिचं वळण जुनंच होतं. म्हणजे १८१९ नंतर लोकांनी जोत्यावर जोतं ठेवून घर उभं केलं होतं. कुणीही करतं तेच. पाऊस तोंडावर होता.

आता टीका. मी भूजचा भक्त नाही.

पहिली गोष्ट भाडेकरूंची. मदत, जमीन, अंतिम भूखंड, सगळं मालकीला बांधलेलं. कोटातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्पिढ्या भाड्याने राहणारे लोक होते. त्यांच्या नावावर काही नव्हतं, तर त्यांना नकाशात रंगही नव्हता. घरमालकाला ८३ मीटर मिळाले आणि त्याने ते रिकामे ठेवले, त्याच्या भाडेकरूला वर्षानुवर्षं तात्पुरत्या पत्र्याच्या घरांत काढावी लागली. इथे आमचं गिरगाव बरं, असं म्हणायची पाळी येते. पागडीवाल्याला मुंबईत कायद्याने घर मिळतं, निदान कागदावर तरी. भूजची आखणी आणि मुंबईचा भाडेकरू हक्क एकत्र कुठे झाले, तर मला जाऊन बघायला आवडेल.

दुसरी गोष्ट फळियाची. फळियं म्हणजे नुसता चौक नव्हता, रात्री खाटा टाकायची जागा होती, लग्नाचा मांडव होता, म्हाताऱ्यांचं दिवसभराचं बसणं होतं. प्रत्येक भूखंडाला रस्ता द्यायचा म्हटलं की चौक रस्त्यात जातो. नकाशात ती जागा "रस्ता" या नावाने वाढलेली दिसते, बायकांना विचारलं तर त्या म्हणतात कमी झाली. दोन्ही खरं. किल्लारीला १९९३ नंतर हेच जास्त क्रूरपणे झालं. तिथे ५२ गावं मूळ जागेवरून उचलून सपाट माळावर रांगेत मांडली. माळवदाच्या भिंतींनी माणसं मारली होती, त्यामुळे लोकांना जुनं नको होतं हे समजण्यासारखं आहे, पण रांगेतल्या घरात गल्ली कोणती आणि वाडा कोणता हे कुणाला कळत नाही. मी तिथल्या एका नव्या गावात पाहुण्यांकडे गेलो होतो, तर पाहुण्यांनाच स्वतःचं घर दाखवताना पाण्याची टाकी धरून मोजत यावं लागलं. भूजने निदान कोट जागेवर ठेवला, आणि दरबारगड पाठीशी असल्यामुळे माणसाला दिशा कळते.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते, ती खालच्या मोकळ्या मजल्यांची. २००१ मध्ये नुसती जुनी दगडी घरं पडली नाहीत. भूजमध्ये आणि लांब अहमदाबादेत नव्या आरसीसी इमारती पडल्या, त्यातल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी नुसते खांब असलेल्या. वरचे मजले भिंतींनी ताठ, खालचा मोकळा, म्हणून हादरा सगळा खालच्या खांबांवर. मुंबई भूकंपाच्या नकाशात कच्छइतकी वाईट जागी नाही, पण सुरक्षितही नाही, आणि आपल्या प्रत्येक टॉवरच्या पोटात पार्किंगच आहे. चाळीच्या सभेत मी एकदा बिल्डरच्या माणसाला खांबांबद्दल विचारलं. तो म्हणाला, "सर, आमचा आर्किटेक्ट फार मोठा आहे." स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नाव त्याला आठवेना.

भूजने याचं एक चांगलं उत्तर दिलं, तेही बघण्यासारखं. भूकंपात पडलेलं तिथलं जी. के. जनरल हॉस्पिटल पुन्हा बांधलं ते शिसं घातलेल्या रबरी बेअरिंगवर. न्यूझीलंडमधली कल्पना. जमीन हलली तरी वरची इमारत त्या मानाने कमी हलावी, अशी. २००४ मध्ये ते सुरू झालं. तिकडे गावकुसाबाहेर बन्नी भागातल्या भुंग्यांनी, म्हणजे मातीच्या गोल घरांनी, २००१ चा हादरा पुष्कळ चांगला सोसला होता, त्यांच्याकडे तेव्हा कुठे शहरी अभियंत्यांचं लक्ष गेलं.

मुंबईला परत येतो. गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्या एकदा कापल्या गेल्या आहेत, पण त्याला भूकंप लागला नाही, प्लेग लागला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते वस्तीतून काढले. तिथे पद्धत वेगळी होती: जागा सक्तीने घ्यायची, पाडायची, राहणाऱ्यांनी जावं जिथे जायचं तिथे. आजचा मार्ग क्लस्टरचा. शहर विभागात कमीत कमी ४,००० चौरस मीटर एकत्र करा, मग सगळं मिळून आखा. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर तसं काम चाललंय. आमच्या बाजूच्या तीन चाळी एकत्र केल्या तरी तो आकडा भरत नाही, चौथी आणि पाचवी लागतात, आणि पाचव्या चाळीच्या मालकाशी आमच्या मालकाचं १९८० सालापासून भिंतीवरून कोर्टात चाललंय. सभेत मी सुचवलं की क्लस्टर नाही तर नाही, निदान गल्लीच्या दोन्ही बाजूंनी पाच पाच फूट मागे सरून बांधायचं असं सगळ्यांनी ठरवावं. आमचे सेक्रेटरी गडबडून म्हणाले, "अहो, पाच फूट म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक खोली." मी म्हटलं, हो, तेवढंच. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

भूजला जाणार असाल तर बांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेस आहे. भुजियो डुंगरावरचं स्मृतिवन, म्हणजे भूकंपाचं स्मारक, बघाच, बंधाऱ्यांच्या भिंतींवर गेलेल्यांची १२,९३२ नावं आहेत. पण उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, सावली कमी. लोक तिथून परस्पर रणाकडे निघतात, तसं करू नका. आयना महालाच्या बाजूने कोटात चालत शिरा आणि रस्त्यांकडे बघा. रुंद रस्ता अचानक एका जुन्या पडक्या भिंतीपाशी अरुंद होतो, ती कुणाची तरी न झालेली सही असणार. मोकळा भूखंड, भोवती कंपाउंड, आत गवत, तोही बहुतेक तसलाच.

काकांची सही अखेर झाली. चौथ्या भावाचा मुलगा नैरोबीत सापडला. तरीही भूखंड बरीच वर्षं रिकामा होता, मग गांधीधामच्या पुतण्याने बाकीच्यांचे हिस्से घेतले आणि एकमजली घर बांधलं, खाली मोबाइल कव्हरचं दुकान. मागच्या वेळी मी गेलो तेव्हा पुतण्या तक्रार करत होता. रस्ता रुंद झाल्यापासून बाजारात येणारे लोक त्याच्या दारासमोर चारचाकी लावून जातात, पोलिसांना सांगून थकला. परत आल्यावर मी काकांना हे सांगितलं. काका आता नव्वदीला टेकलेत, ऐकायला कमी येतं, पण हे त्यांना एकदाच सांगून ऐकू गेलं.

"लावू दे," म्हणाले. "माझ्याच नऊ मीटरवर लावतात ना?"